उघडणाऱ्या खिडकीची खोली

इरेनेने पाठवलेल्या तीन हॉटेलांपैकी तिसऱ्याचा सातवा फोटो उघडला आणि माझ्या हातातला चमचा कपावर आपटला. फोटो तसा साधाच होता. पोहण्याचा तलाव, कडेने पांढऱ्या आरामखुर्च्या, दुमडलेल्या छत्र्या, त्यांच्यापलीकडे समुद्र, आणि समुद्रात उजव्या हाताला एक खडक. खडकाच्या माथ्यावर एक खाच होती, पावाचा घास तोडल्यासारखी. बाकी सगळं बदललं होतं. चिंचोळा रस्ता गेला होता, सरबताची टपरी गेली होती, पाइनची झाडं गेली होती, त्यांच्या जागी सात मजली पंचतारांकित हॉटेल उभं होतं. पण खाच तशीच होती. ओल्या हातांनी धरावा तसा जपून मी फोन टेबलावर उपडा ठेवला. सिमला मिरच्या भाजत असलेल्या नीवेसने मागे न वळता विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तिसऱ्या हॉटेलची लिफ्ट मला पसंत नाही. ती हसली. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर बायको असंच हसते. या माणसाला स्वर्गात पाठवलं तरी हा आधी तिथला जिना तपासेल, असं ती आल्यागेल्याला सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. तेहतीस वर्षं मी पालेन्सिया शहरातल्या लिफ्टा तपासल्या. दोर, चाकं, दारांच्या कळा, आतली ‘सहा माणसे, चारशे पन्नास किलो’ ही पाटी. माणसं ज्या पेटीत शिरताना आरशात केस नीट करतात, त्या पेटीच्या वर अंधारात काय लोंबतंय ते मी पाहत आलो. भिण्याचा मला पगार मिळत होता. मागच्या वर्षी निवृत्त झालो, पगार थांबला, भीती चालू राहिली.

हॉटेल निवडायचं काम इरेनेने माझ्यावर टाकलं होतं ते याच गुणामुळे. माद्रिदला लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका असलेली माझी मुलगी घाईत फोन करते आणि फोनवरच सगळं ठरवून टाकते. बासिलिसा मावशी मे महिन्यात नव्वदीची होतेय, तेव्हा सगळ्यांनी मिळून आठवडाभर समुद्रावर जायचं, चांगल्या, अगदी राजेशाही हॉटेलात, मावशीने कधी पाहिलं नसेल अशा. तीन हॉटेलं पाठवतेय, बाबा, तू खोट काढायला बस, जे उरेल ते आपलं. मी विचारलं, मावशीला विचारलंस का? ती म्हणाली, मावशीच तर म्हणाली समुद्र. हे ऐकून मी खुर्चीत बसलो. मावशीने पन्नास वर्षांत समुद्र हा शब्द उच्चारलेला मी ऐकला नव्हता. घरात कुणी सुट्टीचे फोटो दाखवायला लागलं की ती भांडी विसळायला उठायची, आणि ती उठली की मी काहीतरी विनोद करायचो. कुणी मला सांगितलं नव्हतं तसं करायला. अकराव्या वर्षापासून ते माझं कामच होतं.

दोन दिवस मी पहिल्या दोन हॉटेलांत डोकं घातलं. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचले. उशा मऊ आहेत, उशा फार मऊ आहेत, नाश्त्याला कलिंगड चांगलं होतं, संगमरवरी फरशी ओली झाली की घसरते. पहिल्या हॉटेलच्या तलावाची खोली कुठेच दिलेली नव्हती. दुसऱ्याच्या जेवणघरातून तीन पायऱ्या उतरलं की थेट वाळू. हे मला मुळीच आवडलं नाही. जेवणघर आणि पाणी यांच्यामध्ये अंतर पाहिजे, जिने पाहिजेत, निदान एक दार पाहिजे जे दुपारी बंद होतं. मी फोन करून विचारलं, जेवण किती वाजता संपतं, आणि त्यानंतर मुलांना पाण्यात सोडतात का? पलीकडची मुलगी गोंधळली. मुलं केव्हाही जाऊ शकतात, साहेब. केव्हाही. मी फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की माझी मनगटं-मान चाचपण्याची जुनी खोड परत आली आहे. आधी मनगटं, मग मान, मग पोट. पाण्यात शिरण्याआधी या क्रमाने अंग भिजवायचं, हे आम्हाला मावशीने शिकवलेलं. साठी उलटली तरी मी न्हाणीघरात नळाखाली आधी मनगटं धरतो.

आणि जेवणानंतर दोन तास. हे तर आमच्याकडे प्रार्थनेआधी शिकवतात. पोटात अन्न असताना पाण्यात गेलं की पचन तुटतं आणि माणूस जागच्या जागी मरतो. मीठ पांढरं असतं तितकंच हे खरं. म्हणून आमच्या सगळ्या पिढीचं बालपण वाळूत बसून गेलं. समोर समुद्र, पोटात बटाट्याचं आमलेट आणि रव्यात तळलेला मांसाचा तुकडा, डोक्यावर ओला रुमाल, आणि तोंडात एकच प्रश्न, किती राहिलं? त्या उन्हाळ्यात मावशी आणि दामियान काका मला आपल्याबरोबर समुद्रकाठच्या सान्ता तेक्ला गावी घेऊन गेले होते. आईला दुसरं बाळ होणार होतं आणि मी घरात नको होतो. मी अकरा वर्षांचा, त्यांची चारितो सात वर्षांची. चारितोच्या पुढच्या दोन दातांच्या जागी फट होती आणि तिला त्या फटीतून पाण्याची चिळकांडी उडवता यायची, ते बघायला मी काहीही दिलं असतं. जेवण झालं की काका आपलं मनगटी घड्याळ काढून छत्रीच्या काडीला अडकवायचा. अडीच वाजले, साडेचारशिवाय पाऊल घालायचं नाही, असं बजावून टपरीवर पत्ते खेळायला जायचा. मावशी छत्रीखाली पाय लांब करून बसायची. आम्ही उन्हात. चार वाजून दहा मिनिटांनी मागच्या टेकाडावरून किनाऱ्याची छोटी आगगाडी शिट्टी देत जायची. चारितो उभी राहून दोन्ही हात हलवायची, आणि गाडीतलं कुणी ना कुणी हात हलवायचंच. गाडी गेली म्हणजे वीस मिनिटं राहिली. त्या गाडीवर आमचं आयुष्य अडकलेलं होतं.

त्या दिवशी ऊन जास्त होतं की मी जास्त वाईट होतो, कोण जाणे. मावशीने डोळ्यांवर हात आडवा घेतला होता. मी गुडघ्यांवर रांगत छत्रीच्या मागून गेलो, घड्याळाची कळ ओढली, काटा अर्धा तास पुढे सरकवला आणि कळ दाबली. त्या कळीचा टक असा आवाज मला आजही लिफ्टच्या दाराच्या कळीत ऐकू येतो, आणि तेहतीस वर्षं मी दिवसाला चाळीस-चाळीस कळा दाबल्या. मग परत येऊन बसलो आणि विचारलं, मावशी, किती राहिलं? तिने घड्याळ पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, जा. आम्ही धावलो. चारितोने मनगटं भिजवली, मान भिजवली नाही, हे मी पाहिलं आणि बोललो नाही. मी कमरेइतक्या पाण्यात असताना मागे गाडीची शिट्टी झाली. चार दहाची गाडी, आमच्यामागून दहा मिनिटांनी आली. मला हसू आलं. चारितो पाण्यातून कशी हात हलवते ते पाहायला मी वळलो. ती हात हलवत नव्हती, पालथी पडली होती. तिथे पाणी तिच्या मांडीइतकंही नव्हतं.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळे पाण्याकडे धावत होते. मावशी कपड्यांसकट पाण्यात होती. काका टपरीवरून हातात पत्ते तसेच घेऊन पळत येत होता. मी उलट्या दिशेने धावलो. छत्रीपाशी गेलो, कळ ओढली, काटा अर्धा तास मागे आणला आणि कळ दाबली. माझे हात ओले होते, काच ओली झाली, ती मी मावशीच्या टॉवेलला पुसली. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं सुचतं. नंतर गावचा डॉक्टर आला, त्याने फक्त एक विचारलं, जेवण कधी झालं होतं, आणि मान हलवली. काकाने छत्रीवरून घड्याळ काढलं. चार पंचवीस झाले होते. साडेचार व्हायचे होते अजून. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग वाळूत बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं, आणि त्या क्षणी तिचा निकाल लागला. पुढे तो सत्तावीस वर्षं जगला. तो वाईट माणूस नव्हता, मला दर वाढदिवसाला पेन द्यायचा. पण त्या घरात भिंतीवर घड्याळ राहिलं नाही. मावशीने कधी विचारलंच, किती वाजले, तर तो म्हणायचा, तुला आता कशाला हवंय? जेवणाच्या टेबलावर, आम्हा पाहुण्यांसमोर, अगदी हळू आवाजात. मी ताटातल्या मसुराच्या आमटीकडे बघत बसायचो आणि मग विनोद करायचो.

इरेने परिचारिका झाली त्या वर्षी जेवताना मोठ्याने हसून म्हणाली होती की पचन तुटणं वगैरे काही नसतं. थंड पाण्याचा धक्का बसतो कधी, कुणाच्या हृदयात आधीपासून दोष असतो, आमलेटचा त्यात काही गुन्हा नाही. तिला चारितो म्हणजे मावशीच्या कपाटावरचा एक फोटो, एवढंच माहीत. मी उठून गॅलरीत गेलो. सुटलो, असं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं छातीवर बसलेला माणूस उठून गेला, असं काहीतरी. पण मला तर जास्तच भीती वाटायला लागली. कारण दोन तासांचं खोटं असलं तर काटा पुढे करणं हा पोरखेळ, ठीक आहे. पण काटा मागे आणणं? ते खोटं नव्हतं. चारितो गेली ती त्याने नव्हे, पण मावशी मात्र त्याने सत्तावीस वर्षं रोज थोडी थोडी संपत गेली. आणि हे तिला सांगायचं तर आधी घड्याळाचा विषय काढावा लागणार होता. म्हणून डॉक्टरांचं नवं मतही मी तिला कधी सांगितलं नाही. तिला मोकळं करायला माझ्याकडे एक वाक्य होतं आणि मी ते वर्षानुवर्षं खिशात ठेवून तिच्या घरी जात-येत राहिलो, तिच्या बाथरूमचा नळ दुरुस्त करत राहिलो.

म्हणून आताही मी ठरवलं, तिसरं हॉटेल नाही. पहिल्या दोन्हींचे फोटो छापून घेतले, मोठे, रंगीत, आणि गुरुवारी जेवण झाल्यावर मावशीकडे गेलो. तिचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीत लिफ्ट नाही. मी तीन वेळा अर्ज लिहून दिले, शेजाऱ्यांचं एकमत होत नाही, मावशी म्हणते जिना आहे म्हणून मी आहे. प्रत्येक मजल्यावर थांबत वर गेलो. धाप लागली होती, पण वयाने नव्हे. इरेनेची मुलगी, माझी सात वर्षांची नात मार्तिना, येणार होती या सहलीला, आणि तिच्याही पुढच्या दोन दातांच्या जागी सध्या फट आहे. हे मी कुणापाशी बोललो नव्हतो. इरेनेने फोटो पाठवला तेव्हा नीवेसने फ्रिजवर लावला. मी पाणी प्यायला गेलो की दुसरीकडे बघतो.

मावशी खिडकीजवळच्या गोल टेबलाशी बसली होती. टेबलाचं जाड कापड जमिनीपर्यंत, आत विजेची शेगडी, तिचे पाय त्यात. एप्रिल उजाडला तरी ती शेगडी सोडत नाही. रेडिओवर कुणीतरी भाव सांगत होतं. तिने रेडिओ बंद केला, मला कॉफी घ्यायला सांगितलं, माझं पोट पुढे आलंय असं म्हणाली, नीवेसला जरा कमी शिजवायला सांग म्हणाली. मी फोटो मांडले. हे बघ, इथे बाग आहे, इथे तुझ्यासाठी खालच्याच मजल्यावर खोली, इथे दोन लिफ्टा, नव्या आहेत. तिने एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. पत्ते पिसावेत तसे खालीवर केले. मग म्हणाली,

“तिसरं कुठाय?”

मी विचारलं, कसलं तिसरं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती म्हणाली, इरेनेने फोनवर तीन सांगितली होती. मी म्हटलं, त्याची लिफ्ट जुनी आहे, शिवाय लोकांनी लिहिलंय की मागून गाडी जाते, फार आवाज होतो, माणसं तक्रारी करतात. हे सगळं खरं होतं. एका जर्मन बाईने तर चार ओळी फक्त गाडीवर लिहिल्या होत्या. मावशीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेगडीच्या उबेने माझ्या पोटऱ्या भाजत होत्या आणि हात गार पडले होते. माझ्या मनात आलं, उठावं, नळ बघतो म्हणावं.

“सान्ता तेक्ला आहे ना ते?” ती म्हणाली. “मीच सांगितलं इरेनेला, तिथलंही एक बघ म्हणून. तिला काय ठाऊक.”

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं, दुपारची दुकानं उघडत होती. मला एकदम वाटलं की आता बोललो नाही तर मी हा चार मजल्यांचा जिना उतरून खाली जाणार, आणि पुढच्या खेपेला वर येईन तेव्हा ही नसणार. लिफ्टचा दोर तुटायच्या आधी बारीक बारीक तारा एकेक सुटत जातात, त्या बोटाला लागतात. तशी एक तार मला तेव्हा लागली. मी म्हटलं, मावशी, ते घड्याळ. एवढंच म्हणालो. पन्नास वर्षं पाठ केलेलं सगळं वाक्य त्या दोन शब्दांपाशी संपलं.

“तू पुढे केलं होतंस,” मावशी म्हणाली. “माहितेय मला.”

ती माझ्याकडे बघत नव्हती, कापडाच्या झालरीचा एक सुटलेला दोरा ओढत होती. सावकाश, मधेमधे थांबत तिने सांगितलं. तिने घड्याळ पाहिलं तेव्हा साडेचार दाखवत होतं, आणि गाडी तर अजून गेली नव्हती. गाडी गेल्याशिवाय साडेचार कसे वाजतील? तिला तेव्हाच कळलं, माझ्या तोंडाकडे बघून तर पक्कंच कळलं. चांगली एक थोबाडीत द्यावी असं मनात आलं होतं. पण आम्ही दोघं जेवण झाल्यापासून तिच्या कानाशी किती राहिलं, किती राहिलं करत होतो. आदल्या रात्री काका उशिरा आला होता, पहाटे उठून तिने आमलेटं केली होती, डोकं ठणकत होतं.

“मला पाच मिनिटं डोळे मिटायचे होते रे. तुम्ही नजरेसमोर नको होतात मला. पाचच मिनिटं. म्हणून म्हटलं, जा.”

मी विचारलं, आणि मागे केलं तेही? ती म्हणाली, पोरीला उचलून बाहेर येत होते, समोरच तर छत्री होती. टॉवेलने काच पुसत होतास.

“मग तू काकाला सांगितलं का नाहीस?” माझा आवाज चढला, जणू तिनेच माझा काही गुन्हा केला होता. “आयुष्यभर ऐकून घेतलंस त्याचं. एक शब्द बोलली असतीस.”

“तुझं सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं,” मावशी म्हणाली.

मग मी घाईघाईने खिशातलं ते जुनं वाक्य काढलं. डॉक्टर आता म्हणतात की दोन तासांचं काही खरं नाही, तिच्या हृदयातच काहीतरी असणार, जेवणाचा संबंधच नव्हता, तुझाही नाही, माझाही नाही. मी भराभर बोलत होतो आणि बोलता बोलता मला दिसत होतं की हे तिला नवीन नाही. इरेनेने सांगितलंय, ती म्हणाली, एकदा नाही, दोनदा. डॉक्टरांचं असेल खरं. पण मी तिला पाठवलं ना रे. असं म्हणून तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात शेगडीने गरम झाला होता. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भीतीच आली, पूर्वीपेक्षा मोठी. इतकी वर्षं वाटायचं की निदान एक माणूस असा आहे जो काही जाणत नाही, ज्याच्यापासून हे लपवून मी त्याला जपतोय. तसं कुणीच नव्हतं. आम्ही दोघं ख्रिसमसच्या टेबलावर समोरासमोर बसून एकमेकांना बदामाची वडी देत होतो, आणि दोघांनाही सगळं माहीत होतं.

“लाव फोन,” ती म्हणाली. “तिसऱ्याला.”

मी म्हटलं, मावशी, तिथे नको. मार्तिना आहे बरोबर. तिचेही दात पडलेत. हे शेवटचं माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. मावशी म्हणाली, ठाऊक आहे, मलाही पाठवलाय इरेनेने तो फोटो. म्हणून तर. पोरगी समुद्रावर जाणारच आहे, आपण नेलं नाही तर दुसरं कुणी नेईल. आपल्याइतकं लक्ष ठेवणारी दोन माणसं तिला कुठून मिळतील? हे ती हसून म्हणाली. ते हसणं मला बघवेना म्हणून मी फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता. हो, मे महिन्यात खोल्या आहेत. हो, समुद्राकडच्याही. मी घसा साफ करून विचारलं, मागून जाणाऱ्या गाडीचा आवाज येतो का. ती लगेच वरमली. गाडी जाते, साहेब, पण काळजी करू नका, सगळ्या खिडक्यांना दुहेरी काचा आहेत, त्या बंदच असतात, आत वातानुकूलन आहे, तुम्हाला अगदी काहीसुद्धा ऐकू येणार नाही. मी फोनवर हात ठेवून हे मावशीला सांगितलं.

“मग उघडणाऱ्या खिडकीची माग,” मावशी म्हणाली.

मी मागितली. मुलगी थांबली, कुणाला तरी विचारून आली. दुसऱ्या मजल्यावर टेकाडाच्या बाजूला दोन खोल्या आहेत, जुन्या भागातल्या, त्यांच्या खिडक्या उघडतात, पण त्या आम्ही शक्यतो कुणाला देत नाही. मी म्हटलं, आम्हाला द्या, दोन्ही. तिने नाव विचारलं, मी सांगितलं. किती जण, पाच. मुलं किती, एक. वय विचारलं, सात म्हणताना मी डोळे मिटून घेतले. मावशीने टेबलावर बोटाने टकटक केलं आणि खुणेने काहीतरी विचारायला सांगितलं. ते काय ते मला लगेच कळलं. दुपारची गाडी किती वाजता जाते, मी विचारलं. पूर्वी चार दहाला होती, ती मुलगी म्हणाली, आता चार वीसला जाते, साहेब, पण खरं सांगायचं तर रोज वेळेवर नसते, कधी पाच मिनिटं, कधी दहा मिनिटं उशीर होतो. पहिल्या हॉटेलच्या फोटोच्या पाठीमागे मी चार वीस असं लिहिलं, पुढे ‘कधी उशीर’ लिहिलं, आणि कागद फिरवून मावशीसमोर धरला. तिने चष्मा चढवला आणि अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

“घड्याळ कुणी आणायचं नाही,” ती म्हणाली. “गाडी गेली की पोरीला सोडायचं. उशीर झाला तर थांबू.”